मोकळं ठाण

तुरीला शेंगा धरल्या, हरभरा वीतभर वर आला की आमच्या घरात मगरिबच्या नमाजनंतर रोज एकच सवाल निघतो. घोडी आज बाहेर ठेवायची की आत घ्यायची? चहाचे कप खाली ठेवले जातात. अब्बा दारात जाऊन आभाळ बघतात, चाचा ओटा उतरून थेट तबेल्यात जातात आणि अम्मी आतूनच विचारते, ''क्या ठहरा?'' घरातल्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीलाही एवढी मसलत झाली नव्हती.

आम्ही चिखलीच्या बाहेर, सडकेपासून थोडं आत राहतो. बुलडाणा जिल्ह्यातला माणूस आपला पत्ता सांगताना आधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो. बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालचे. मधून अजिंठ्याचा डोंगर गेलेला. मलकापूरहून निघून राजूरचा घाट चढला की हवा बदलल्याचं डोळे मिटूनही कळतं. बुलडाणा शहर दोन हजार फुटांच्या वर आहे. उन्हाळ्यात सारा विदर्भ भट्टीसारखा पेटतो तेव्हा या हवेचं कौतुक होतं. पौषात मात्र तीच हवा उत्तरेकडून माळावर येते आणि हाडात शिरते. आमच्याकडे हौदातलं पाणी गोठत नाही, हे खरं. काश्मीर-लडाखच्या माणसानं आमची थंडी पाहिली तर तो हसेल. पण बारा महिन्यांतले चार महिने चाळिशीच्या आसपास भाजून निघालेल्या जनावराला आणि माणसाला सात-आठ अंश म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत.

घरात तीन जनावरं आहेत. थोरली घोडी २००९ साली सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. दत्तजयंतीला तापीच्या काठी तो बाजार भरतो. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातून व्यापारी घोडे घेऊन उतरतात, आणि त्यांत आपले लोकही पुष्कळ. दुसरी तिची लेक. तिसरा पांढरा घोडा. या तिघांच्या पाठीवर आमच्या तीन चुली चालतात. दादाजानच्या काळी टांगा होता, आता वराती आहेत. नवरदेव कोणाचाही असो, घोडीची लगाम बहुतेक वेळा आमच्यासारख्याच कोणाच्या तरी हातात असते, आणि याचं ना त्याला काही वाटतं ना आम्हाला. लग्नसराईत एक घोडी आठ दिवस खोकली की किराणा उधारीवर येतो. म्हणून हा रोजचा सवाल आमच्यासाठी नुसता दयेचा नाही, भाकरीचाही आहे.

अब्बा बाहेर म्हणतात, चाचा आत म्हणतात. सख्खे भाऊ, एकाच ताटात जेवलेले, पण या बाबतीत दोघांचं कधी जमलं नाही. त्याला कारण आहे.

दादाजान मलकापूरच्या स्टेशनवर टांगा चालवायचे. मुंबई-नागपूर लाईनवरच्या रात्रीच्या गाड्या धरायच्या म्हणून घोडा रात्र रात्र टांग्याला जुंपलेला असायचा. पाठीवर तरट टाकलेलं, तोंडाला तोबरा बांधलेला. गाडी आली की सवारी घेऊन पळायचं, घामेजलेल्या अंगानं परत येऊन पुन्हा उभं राहायचं. घर म्हणजे एक खोली आणि तिच्यामागे घोड्याची खोली, मध्ये मातीची भिंत. चाचा घरातलं शेंडेफळ. ते त्या भिंतीला पाठ लावून झोपायचे. पलीकडे घोड्यानं पाय आपटला की जागे व्हायचे. एका हिवाळ्यात टांग्याचा घोडा छातीत कफ धरून गेला. चाचा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. तेव्हापासून थंडी आणि उघड्यावरचा घोडा हे दोन शब्द एकत्र ऐकले की त्यांचा चेहरा बदलतो. ''इसकू अंदर लो, दरवाजा लगाओ,'' एवढंच त्यांचं म्हणणं.

अब्बा थोरले. घरात खाणारी तोंडं जास्त झाली म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षी त्यांना घाटावरच्या एका देशमुखांच्या वाड्यावर मोतद्दारीला ठेवलं. तिथं चार-पाच घोडी होती आणि त्यांच्यासाठी दगडी गडगा घातलेलं रान होतं. रात्री घोडी रानात मोकळी. सकाळी खरारा करायला गेलं की त्यांच्या पाठीवर दव जमलेलं, आणि हातानं केस फाकवले की आत कातडी कोरडी, ऊन ऊन. अब्बांनी हे आपल्या बोटांनी पाहिलेलं. त्यामुळे अम्मीनं, ''आपण रजाईत झोपायचं आणि ते मुकं जनावर बाहेर?'' असं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, ''उसकी रजाई उसके बदन पर है.''

आम्हा भावंडांना लहानपणापासून दोन्ही बाजू पाठ. आमच्यात फूट पडायची ती ज्याच्या-त्याच्या लाडक्या माणसाप्रमाणे.

या मुलखात घोडं काही नवं नाही. सिंदखेड राजा जाधवरावांचं, जिजाऊंचं माहेर. तिथून जवळ साखरखेर्डा आहे. १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई तिथंच झाली आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया तिथं घातला गेला. या वाटेनं किती फौजा गेल्या असतील! त्या घोड्यांना तबेले कुठले? अगाडी-पिछाडीच्या दोरांनी खुंट्यांना बांधून, रांगेनं, आभाळाखाली. अब्बा हा इतिहास आपल्या बाजूनं वापरतात. चाचा म्हणतात, त्यातले किती मेले ते बखरीत लिहिलं आहे का? दोघांच्याही म्हणण्यात दम आहे असं आम्हाला वाटतं. फौजेत घोडा मेला तर बारगिराला सरकारातून दुसरा मिळायचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, गेला की तो पायदळात. आम्ही शिलेदार आहोत.

डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात ही मसलत खऱ्या अर्थानं कसोटीला लागली. २९ तारखेला नागपुरात पारा साडेतीन अंशांवर उतरला. नागपूर तिकडे लांब, पण गारठा साऱ्या विदर्भात होता. आमच्या पुतण्यानं तबेल्याच्या खांबाला तापमापी टांगली होती, ती पहाटे सहा दाखवायची. आभाळ निरभ्र, वारा बेताचा. त्या रात्री चाचांनी पहिल्यांदा आवाज चढवला. अब्बांनी चढवला नाही, पण ऐकलंही नाही. त्यांनी तिन्ही जनावरांच्या पाठी कोरड्या आहेत का ते तळहातानं पाहिलं, कानाच्या मुळाशी बोटं धरली, फासळ्यांवरून हात फिरवला. मग गव्हाणीत कडब्याच्या नेहमीपेक्षा दीडपट पेंढ्या टाकायला लावल्या, कोमट पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या आणि तबेल्याचं दार उघडं टाकलं. यायचं असेल तर येतील, म्हणाले.

एकही आत आली नाही. आम्ही आळीपाळीनं उठून पाहत होतो. चाचा तर झोपलेच नाहीत. चांदण्यात तिघंही उत्तरेकडे पुठ्ठे करून, माना खाली घालून एका ओळीत उभी. मध्येच एखादं जाऊन वैरणीला तोंड लावायचं आणि परत आपल्या जागेवर. फजरच्या अजानला चाचा तिकडे गेले. पांढऱ्याच्या अयाळीखाली त्यांनी हात घातला आणि बराच वेळ तो तिथंच ठेवला, स्वतःची बोटं शेकायला ठेवावी तसा. काही बोलले नाहीत. अब्बांनीही विचारलं नाही. आमच्या घरात कोण जिंकलं हे बोलून दाखवायची पद्धत नाही.

पुतण्या पशुसंवर्धनाची पदविका करून आला आहे. त्यानं या दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात शास्त्र आणलं, आणि गंमत म्हणजे दोघांनाही अर्धं अर्धं बरोबर ठरवलं. घोड्याला थंडीची खबर पाऱ्यापेक्षा आधी दिवसाच्या लांबीवरून लागते. पावसाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले की अंगावर दाट लव यायला लागते. थंडीत ते केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकून राहते. तीच ती अब्बांची रजाई. दुसरी गोष्ट पोटातली. घोड्याला गाईसारखं चार कप्प्यांचं पोट नसतं. कडबा, गवत असली धागेदार वैरण त्याच्या मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि आंबताना ऊब तयार होते. म्हणजे थंडीच्या रात्री चंदीच्या तोबऱ्यापेक्षा कडब्याची पेंढी जास्त कामाची. अंगावर हिवाळी केस, पोटात वैरण, पाठ कोरडी आणि वाऱ्याला आडोसा असेल तर धडधाकट घोडा शून्याच्या खालीही काही अंशांपर्यंत निभावतो. लडाखातले झांस्करी घोडे त्याहून कितीतरी कडक हिवाळा काढतात.

मग मंगोलियात जनावरं का मरतात, असं चाचांनी त्याला विचारलं. त्यांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं. २००९-१० च्या हिवाळ्यात तिथं ८० लाखांहून जास्त जनावरं मेली. पुतण्या म्हणाला, तिथला गारठा भयंकर होता हे खरंच, पण आधीच्या उन्हाळ्यात गवत कमी झालं होतं आणि मग जे होतं ते बर्फाखाली गेलं. रिकाम्या पोटी ती थंडी सोसवली नाही. चाचा यावर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः जाऊन ज्वारीच्या कडब्याचा भाव काढून आणला.

चाचांचा बंद दरवाजा पुतण्याला अजिबात पसंत नव्हता. पत्र्याचा तबेला रात्रभर बंद ठेवला की सकाळी दार उघडताना डोळ्यांत चुरचुरतं. तो मुताचा अमोनिया. आपल्याला एक मिनिट सोसवत नाही, त्यात घोडं दहा तास श्वास घेतं. वर कुटाराची धूळ. थंडीत घोडी खोकतात ती पुष्कळदा बंद हवेमुळे खोकतात आणि आपण समजतो, गारठा बाधला. आणि शेकोटी! आमच्या लहानपणी तबेल्याच्या तोंडाशी पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवायचे. धूर सगळा आत. घोड्यांना ऊब किती लागली ते अल्ला जाणे, आम्हाला मात्र लागायची.

पण चाचांची निम्मी बाजू पुतण्यानं मोडली नाही, आणि आमच्या धंद्यात तीच निम्मी बाजू महत्त्वाची ठरते. टांग्याचा तो घोडा उघड्यावर राहिला म्हणून गेला, असं चाचा समजतात. पुतण्या म्हणतो, तो घाम अंगावर घेऊन रात्र रात्र वाऱ्यात उभा राहिला, खायला-प्यायला धड नाही, हलायला जागा नाही. जुंपलेल्या घोड्याला वाऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. हे ऐकताना चाचांनी डोळ्यांवर हात ठेवला होता.

वरातीतला घोडा टांग्याच्या घोड्याहून फार वेगळा नाही. आठची वरात दहाला निघते. डीजेच्या भिंतीसमोर घोडी नाचवायची, पाठीवर मखमलीची झूल, त्यावर जरीचा साज, त्यावर नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात त्याचा भाचा. डिसेंबरातही झुलीखाली घोडी निथळते. मंडपाशी पोचलं की नवरदेव उतरतो आणि तिथून पुढे घोडी कोणाचीच नसते. एकदा घाटाखालच्या एका गावी पैसे देणारा माणूसच सापडेना. दीड तास आम्ही घामेजलेली घोडी घेऊन मंडपाबाहेर वाऱ्यात उभे. झूल काढावी तर ओल्या पाठीला वारा, ठेवावी तर झूलच भिजलेली. शेवटी तिला सडकेवर चालवत राहिलो, खाली-वर, खाली-वर. मंडपात जेवणावळी चालल्या होत्या. एका बाईनं आपणहून पोळ्या आणि गूळ आणून दिला, आधी घोडीला आणि मग आम्हाला. त्या घराचं नाव आम्हाला माहीत नाही, पण त्या बाईसाठी आम्ही अजून दुआ करतो.

तेव्हापासून आमचा एक नियम झाला. वरातीहून आलेलं जनावर आधी चालवायचं, श्वास खाली येईपर्यंत. मग गवताच्या बोळ्यानं, नाहीतर कोरड्या पोत्यानं छाती, कुशी, मांड्यांच्या फटी घासून कोरड्या करायच्या. थोडं थोडं कोमट पाणी. कानाच्या मुळाशी ऊब आली, केस सुटे झाले की मगच आत की बाहेर हे बोलायचं. रात्रीचे दोन वाजले तरी यात सूट नाही. ज्याला झोप आली असेल त्यानं किराणा दुकान टाकावं, असं अब्बा म्हणतात.

आता २०२३ च्या नोव्हेंबरची गोष्ट. २६ आणि २७ तारखेला राज्यभर अवकाळी पाऊस झाला आणि आमच्या जिल्ह्यातही गारांसह कोसळला. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे बियाण्याचे शेडनेट आडवे झाले, तूर झोडपली गेली. त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी थोरली मेहकरकडे होती. वरात अर्ध्यावर मोडली, लोक आडोशाला पळाले आणि आम्ही तिला पिकअपमध्ये चढवून निघालो. पिकअपला वर ताडपत्री होती ती वाऱ्यानं फाटली. पुढचा सारा रस्ता पावसात. घरी उतरवली तेव्हा तिच्या अंगावरचे केस कातडीला चिकटलेले, शेपटीतून धार लागलेली आणि मांड्या थडथडत होत्या. तापमापी बघितली. २०१८ च्या त्या रात्रीपेक्षा पारा कितीतरी वर होता.

त्या रात्री मसलत झाली नाही. अब्बांनीच आधी म्हटलं, ''अंदर.'' चाचांनी दार उघडलं, पण पुरतं लावलं नाही, वरची फळी उघडी ठेवली. एकानं एक बाजू अशी दोघांनी घोडी पोत्यांनी घासायला घेतली. पोतं भिजलं की अम्मी दुसरं द्यायची. पोती संपली तेव्हा तिनं आपल्या पेटीतल्या जुन्या सुती साड्या काढल्या. कोरडी झाल्यावर अंगावर घोंगडी टाकली आणि तासाभरानं तीही काढून पाहिली, खाली घाम धरतोय का म्हणून. गुळाचं कोमट पाणी ठेवलं, ते तिनं आधी हुंगून सोडून दिलं. बाकीची दोन जनावरं पावसाच्या आधीच तबेल्यात घेतली होती. ती वैरण चावत होती आणि तो आवाज त्या रात्री फार बरा वाटत होता. थोरली मात्र खाईना. लीद पडेना. घोड्याचं पोट थांबलं की पोटशूळ, आणि पोटशूळ म्हणजे पुष्कळदा शेवट. पुतण्या तिच्या कुशीला कान लावून बसला होता. डॉक्टरांना फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी त्या पावसात कोण येणार!

पहाटे साडेतीनच्या सुमाराला थडथड थांबली. पाणी प्यायली. फजरच्या आधी तिनं लीद टाकली. अब्बा आणि चाचा, सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, घोडीच्या लिदीकडे पाहून अल्हम्दुलिल्लाह म्हणाली. शेजारच्या वाडीत त्याच रात्री दोन शेळ्या गेल्या होत्या.

आमच्या मशिदीत एका जुम्म्याच्या बयानात मौलानांनी मांजरीची हदीस सांगितली होती. सगळ्यांना माहीत असलेली. एका बाईनं मांजर बांधून ठेवलं, तिला खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायला सोडलंही नाही, आणि त्यासाठी ती बाई गुन्हेगार ठरली. लोक ही गोष्ट दयेची म्हणून ऐकतात. आम्ही जनावरं बांधणारे लोक, आम्हाला त्यात बांधणं आणि सोडणं जास्त ऐकू येतं. मोकळं जनावर वाऱ्याकडे पाठ करतं, झाडाखाली जातं, भूक लागली तर हिंडतं. आपण त्याला दोर लावला की या सगळ्याची जबाबदारी आपल्यावर येते. अबू दाऊद यांच्या संग्रहात घोड्यांबद्दलची एक रिवायत आहे. तिच्यात घोड्याची अयाळ, शेपूट कापायला मना केलं आहे, आणि कारणही दिलं आहे: शेपटीनं तो माश्या वारतो, अयाळीनं त्याला ऊब मिळते. वरातीची घोडी झोकदार दिसावी म्हणून पुष्कळ जण अयाळ छाटतात, अंगावर कात्रीनं नक्षी काढतात. गिऱ्हाईकही ते मागतं. आम्ही नाही म्हणतो आणि दोन वराती दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बाहेर सोडायचं म्हणतो, तर बाहेर आता उरलं किती? आमच्या वाड्याला लागून चार एकरांचं रान होतं, मालक ओळखीचा. पीक निघालं की घोडी त्यात सोडायची आणि बदल्यात आमचं लिदीचं खत त्याच्या शेतात. सहा वर्षांपूर्वी ते एन.ए. झालं. खुंट्या ठोकल्या, मुरूम टाकला, प्लॉट पडले. आता आमची स्वतःची अर्धा एकर जागा, भोवती तारेचं कुंपण. त्यात तीन घोडी म्हणजे पायाखाली गवताची काडी टिकत नाही. नव्या घरांतल्या लोकांना लिदीचा वास येतो, अशी कुरबुर असते. त्यांचंही काही चुकत नाही, त्यांनी कर्ज काढून घरं बांधलीत. ज्ञानगंगा अभयारण्याकडच्या गावांत लोक बिबट्याच्या भीतीनं रात्री जनावरं कोंडतात. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा वाघ शेकडो कोस चालून त्या जंगलात आला, तेव्हा आमच्या इथंही महिनाभर शिंगरं बाहेर ठेवायला कोणी तयार नव्हतं. थंडीचा हिशेब आम्हाला आता बऱ्यापैकी जमतो. जागेचा जमत नाही.

गेल्या वर्षी थोरलीसाठी वेगळं ठाण केलं. तिचं वय विसाच्या पुढे गेलंय. दाढा झिजल्यात. कडबा चावते आणि अर्धा चोथा गोळा करून खाली टाकते, म्हणजे आतली शेगडीही नीट पेटत नाही. फासळ्या हाताला लागतात. जवान घोड्याचा कायदा तिला लावून चालणार नाही, हे अब्बांनीही कबूल केलं. कुंपणाच्या आत, उत्तरेकडे पाठ करून, तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड घातला, वर पत्रे टाकले आणि दक्षिणेची बाजू सगळी उघडी ठेवली. खाली कोरडं काड. तिच्यासाठी हरभऱ्याचं कुटार कोमट पाण्यात भिजवून, त्यात गव्हाचा कोंडा. पाऱ्यानं दहाच्या खाली उतरायचं म्हटलं की अंगावर घोंगडी, तीही पाठ कोरडी असेल तरच, आणि सकाळी ऊन आलं की काढायची. खुंटी नाही, दोर नाही. ती कधी आत असते, कधी बाहेर. चाचा रात्रीतून एकदा जाऊन ती कुठे आहे ते पाहून येतात आणि सकाळी अब्बांना सांगतात. अब्बा हूं म्हणतात.

तिला आता वरातीला काढत नाही. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंतीची गर्दी असते आणि त्या सुमाराला आसपासच्या मिरवणुकांसाठी घोड्यांना मागणी येते, तेव्हा तिची लेक जाते. पहाटे निघावं लागतं, त्यामुळे आदल्या रात्री लेकीला पोटभर कडबा आणि कोरडं पोतं गाडीत आधीच टाकून ठेवायचं. यंदा कडबा महाग आहे, कारण सोयाबीनच्या पायी ज्वारी पेरतोच कोण? लोणारकडच्या एका शेतकऱ्याकडे पाचशे पेंढ्या सांगून ठेवल्यात. जुम्म्याला गाडी घेऊन जायचं आहे, त्याच्या आत पाऊस आला नाही म्हणजे झालं.